सत्तर टक्के काच

डुलुथ, मिनेसोटा. जानेवारी, दुपारचे पावणेचार.
बाहेर सरोवर वाफा सोडतंय
आणि आत मी खिडकीला सावली लावतेय.
खिडकी म्हणजे पडद्यावरची.
सावली आठ ठिपके, जराशी उजवीकडे, जराशी खाली,
कारण आमच्या सगळ्या खिडक्यांचा सूर्य
डाव्या कोपऱ्यात वर ठोकलेला आहे.
कुणी ठोकला, आता कुणाला आठवत नाही.
बाहेरचा मात्र साडेचारलाच जातो.

धरून ओढली की खिडकी खरवसासारखी थरथरते.
खरवस इथे कुणाला सांगू? जेली म्हणते.
सगळा डेस्कटॉप ठोकळा होऊन फिरतो,
एका अंगाला पत्रं, दुसऱ्या अंगाला हिशेब,
आणि मशीनचा पंखा गिरणीसारखा ओरडतो.

हॉलिस नॉर्डीन म्हणतो,
मागचं दिसलं पाहिजे, पण वाचता येता कामा नये.
असला पारदर्शक कारभार
मी आमच्या नगरपालिकेत पाहिलेला आहे.
मी पट्टी सत्तरवर ठेवली.

गुरुवारी चाचणीला व्हर्ना लाहती आल्या. वय एकोणऐंशी.
खनिजाच्या धक्क्यावर चौतीस वर्षं
बोटींची नोंदवही त्यांच्या हातात होती.
कोट न काढताच बसल्या.
पडद्याजवळ गेल्या. मागे सरल्या.
चष्मा काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा चढवला.
“काच कुणाची खराब आहे,” म्हणाल्या, “माझी की तुमची?”

हे मुद्दाम केलंय, असं हॉलिसनं समजावलं.

“माझा मोतीबिंदू मार्चमध्ये काढणार आहेत.
तुम्ही नवीन बसवताय होय?”

हॉलिस हसला, मग वहीत काहीतरी लिहू लागला.
मी विचारलं, तुमच्या नोंदवहीत
पानाच्या मागे काय असायचं?
“मागचं पान,” त्या म्हणाल्या.
“उलटलं की दिसायचं.”

सगळे गेल्यावर मी पट्टी शंभरवर नेली.
खिडकी पांढरी झाली, ठोंब्यासारखी.
तिच्यामागे काय होतं ते मलाही आठवेना.
सावली राहू दिली.
तिच्याबद्दल व्हर्नाबाई काही बोलल्या नव्हत्या.

मग खाली उतरून गाडीच्या काचेवरचं बर्फ
जुन्या लायब्ररी-कार्डानं खरवडत बसले,
ताटाएवढं भोक पडेपर्यंत.
पार्किंगच्या दिव्यांनी माझ्या तीन सावल्या पाडल्या होत्या,
तिन्ही चुकीच्या दिशेला.