वाटेत बघण्यासारखं काही नाही

समरकंदच्या हॉटेलखाली सकाळी आठला
तुरोब अका काच पुसत असतो
कालच्याच फडक्यानं.
पाहुणे उतरतात, कधी दोघं, कधी चौघं.
आज त्यांच्यात हंगेरीची मार्गिट,
सत्तरीची, गुडघ्याला पट्टा,
नाश्त्याचं उकडलेलं अंडं रुमालात बांधून घेतलेलं.
मी म्हणते, मी सुरय्यो.
बुखारा पावणेतीनशे किलोमीटर. चार थांबे.
पाणी सीटच्या मागच्या खिशात आहे.

निळे घुमट मागे पडले की मी सुरू होते.
बोलायचे पैसे मिळतात,
गप्प बसायचे नाहीत.
डावीकडे कापूस. उजवीकडे तुती.
दर वसंतात रेशमाच्या किड्यांसाठी फांद्या छाटतात,
म्हणून झाडं अशी मुठी वळून उभी.
हे वाक्य मी चौदा वर्षं एकाच विजेच्या खांबापाशी म्हणते आहे.
मध्ये खांब बदलला.

मग क्षितिजावर चिमण्या दिसू लागतात,
न उडणाऱ्या, धुराच्या.
छापील कागदावर या जागी साधा ठिपकाही नाही.
मी घड्याळ बघते, सांगते:
कारखान्यांचं शहर. खत बनतं. अलीकडचंच आहे.
बघण्यासारखं काही नाही,
जरा डोळा लावून घ्या.
आणि मोठमोठी माणसं
बालवाडीतल्यासारखी माना टाकतात.

तेव्हाच तुरोब अका हॉर्न वाजवतो,
एकदा, तोही अर्धा.
समोर रस्ता मोकळा असतो.
चार मजली इमारत, तिसरा मजला,
गॅलरीत पत्र्यावर वाळत घातलेले जर्दाळू,
आणि डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक बाई
कठड्याशी येते. हात हलवत नाही,
नुसती उभी राहते
आणि आरशात लहान होत जाते.
आठवड्यातून दोनदा मी आईला अशी भेटते,
ताशी साठच्या वेगानं.

'ती कोण होती?' मागून मार्गिट.
तिला झोप लागली नव्हती.
'कोण?'
'जिच्यासाठी हॉर्न वाजला.'
मी म्हटलं, कुत्रं आडवं आलं होतं.
तुरोब अकानं गिअर बदलला, गरज नसताना.

रबाती मलिकला नुसती कमान उरली आहे.
आतली सराई गेली, उंट गेले, दाराला आत नाही
आणि बाहेरही नाही.
मी विटांच्या नक्षीवर बोलत होते.
मार्गिट कमानीकडे पाठ करून दगडावर बसली,
अंडं सोललं, अर्धं माझ्यापुढे धरलं.
'माझं गावही असंच,' म्हणाली. 'ॲल्युमिनियमचं.
बस थांबत नाही. गाइड म्हणते, झोपा.'
मीठ नव्हतं.
त्यानंतर मी शतक चुकले,
अकरावं म्हणायचं तिथे तेरावं.
कुणी टोकलं नाही.

गिजदुवानला कुंभाराचं चाक, तळलेला मासा.
सहा वाजता बुखारा,
मशिदीच्या सावलीत पुढचा गाइड पाटी धरून.
बॅगा मोजून दिल्या. सही घेतली.

परतताना गाडी रिकामी असते, म्हणजे आम्ही दोघं.
चिमण्यांचे लाल दिवे दिसले
आणि तुरोब अकानं न विचारता वळण घेतलं.
तीन मजले. जिन्यात दिवा नाही.
आईनं दार उघडलं, माझ्या मागे बघितलं:
'काय झालं? गाडी बिघडली?'
'नाही.'
'मग?'
मला उत्तर आलं नाही.
चहा ओतताना तिनं विचारलं,
'पाहुणे काय म्हणतात आपल्या गावाला?'
'झोपले होते,' म्हटलं. 'एक सोडून.'

आईनं जर्दाळूंची पुडी बांधली:
तिला दे, परत आली की.
परत कुणी येत नसतं, हे मी बोलले नाही.
पुडी अजून डॅशबोर्डवर आहे.
तुतीच्या झाडांशी पोचलो की
तुरोब अका एक काढून तोंडात टाकतो
आणि बी खिशात ठेवतो.