लिटरला चार ग्रॅम

खड्डा खणून झाला, निळ्या फरशा बसल्या,
तेव्हा आम्हांला कळलं
की पाणी नुसतं ओतून भागत नाही.
त्याला फिरवायचं, गाळायचं, राखायचं,
लहान मुलासारखं. नाहीतर आठवड्यात हिरवं.

एसिखात जुलै म्हणजे छेचाळीस अंश.
आमच्या गावाला लोक कढई म्हणतात
आणि आम्ही ते मानानं मिरवतो.
दुकानात मात्र गारवा होता,
आणि इस्माएल,
शाळेत असताना आमचे पाव उधारीवर नेणारा,
आता टॅबलेट घेऊन उभा.

त्यानं आधी हीट पंप दाखवला.
"मार्चपासून पोहता येईल, पाणी कायम कोमट."
साटुर्निनो हसला.
एवढा हसला की क्लोरीनच्या डब्यांपाशी उभी बाई
वळून बघायला लागली.
एक्केचाळीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी काढलेला माणूस,
उजव्या हातावरचे केस
उगवायचं केव्हाच विसरलेले,
आणि हा पोरगा त्याला ऊब विकत होता.

मग फिल्टर.
इस्माएल मायक्रॉन सांगत राहिला.
माझ्या नवऱ्यानं वाळूचं पोतं उघडायला लावलं,
चिमूट काढली, अंगठ्यानं बोटावर घासली,
सवयीनं नाकाशी नेली.
"दोनदा चाळलीय," म्हणाला,
"पण चाळणारा घाईत होता."
आम्ही काचेचा चुरा घेतला.

मिठाचं यंत्र मला हवं होतं,
क्लोरीनच्या वासानं माझं डोकं उठतं.
लिटरला चार ग्रॅम मीठ, इस्माएल म्हणाला,
आणि बत्तीस हजार लिटरचा हिशेब
टॅबलेटवर मांडेपर्यंत
"पाच गोण्या, वर तीन किलो,"
साटुर्निनोनं हवेतच सांगून टाकलं.
पिठाला किलोमागे वीस ग्रॅम टाकणाऱ्याला
हे अगदीच अळणी वाटलं असणार.
"हे तर रडण्याच्या निम्मंही नाही,"
असं काहीतरी तो पुटपुटला.
मी विचारलं, रडणं कधी चाखलंस?
तो पावतीकडे बघत राहिला.

तळ झाडणारा रोबो नको, मी झाडीन, म्हणाला.
मी इस्माएलकडे बघून मान हलवली,
रोबो आला.
पायऱ्यांना स्टीलचा कठडा यादीत नव्हता,
तोही मीच घालायला लावला,
माझ्या खुब्यासाठी, असं सांगून.
पंपाला पाच वर्षांची हमी.
आमची विचारायची कुणाला?

पंपावर मात्र तो अडला.
बदलत्या वेगाचा, महाग,
पण रात्रीच्या स्वस्त विजेवर
मुंगीच्या पावलांनी चालणारा.
"किती वाजता लावू?" इस्माएलनं विचारलं.
"तीनला," तो म्हणाला.
"मध्यरात्रीपासूनच स्वस्त असते वीज, आजोबा."
"तीनला."

बेकरी विकून दीड वर्ष झालं.
तिथं आता फोनची कव्हरं मिळतात.
पण तीन वाजले की त्याचे डोळे उघडतात,
आणि कुठं जायचं ते नसल्यामुळे
तो छताकडे बघत पडतो.
मला वाटतं झोपलाय,
त्याला वाटतं मला तसं वाटतंय.

काल पहिली रात्र.
जाग आली तेव्हा शेजारची उशी गार होती.
खिडकीतून पाहिलं:
उलट्या क्रेटवर बसलेला, बनियनवर,
एक हात फिल्टरच्या पोटावर ठेवून.
पाणी आत गुरगुरत होतं.
मी खाली गेले, म्हटलं, सगळं ठीक?
त्यानं मान न वळवता बोट वर केलं,
कच्च्या पावाला कुणी हात लावायला गेलं
की करायचा तसं.
"जा, झोप. अजून अर्धा तास लागेल."

कशाला, ते मी विचारलं नाही.

सकाळी मी उतरले पाण्यात.
तो काठावर, पायजमा गुडघ्यापर्यंत वर,
एक हात त्या कठड्यावर.
पोहता त्याला येत नाही.
ते त्या दुकानात
आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं.