दोन टन

बोहरी आळीच्या तोंडाशीच
स्कूटर लावायला जागा मिळाली.
एवढं नशीब एका दिवसाला पुरे, असं म्हणून
मी तिथूनच परत फिरायला हवं होतं.

मुस्तन्सिरभाईंनी तीन जॅक फरशीवर मांडले,
स्थळं दाखवावीत तसे.
लाल, निळा, आणि जरा बाजूला एक पिवळा,
ज्याची किंमत मी आपणहून विचारावी अशा बेतानं.

"गाडी कुठली?"
झेन. दोन हजार तीनची.
ते हसले नाहीत. (माझे भाचे हसतात.)
"साडेसातशे-आठशे किलो. दोन टन पुष्कळ झाला.
तीन टनाचा घेतलात तर तो उचलायला
चौथ्या मजल्यावरून माणूस बोलवावा लागेल."

मी वही काढली.
सगळ्यात खाली किती बसतो,
कारण झेनचं पोट जमिनीला टेकायला आलेलं.
सगळ्यात वर किती जातो.
चाकं लोखंडी की प्लास्टिकची.
दांडा दोन तुकड्यांत, मग सांधा खुळखुळतो का.
खुळखुळला. निळा बाद.

"मॅडम इंजिनियर?"
नाही. विमा कंपनी. अपघाताचे दावे, एकतीस वर्षं.

"वापरणार किती वेळा?"
वर्षातून चारदा. ऑइल, फिल्टर, चाकं आलटून पालटून.
"मग हा गळेल. वापरून नाही गळत, पडून गळतो.
महिन्यातून एकदा हलवत जा, रिकामाच."
म्हणजे दर पहिल्या रविवारी
मी पार्किंगमध्ये बसून हवा उचलायची.
सहकारनगरात याहून विचित्र गोष्टी चालतात.

लाल ठरला. त्यांनी पावतीपुस्तक ओढलं.
मी म्हटलं, आणि घोड्या. दोन.
"घरच्या कामाला कोणी नेत नाही हो."
माहीत आहे.

हडपसर, अठ्ठ्याण्णव साल.
*सदर इसम वाहनाखाली काम करीत असता जॅक सरकला.*
एवढं एकच वाक्य, कार्बनखालचं, फिकट निळं.
खाली पंचनामा होता, सह्या होत्या,
त्याच्या बायकोची तीन ठिकाणी,
तिसरी करताना शाई संपलेली, नुसता ओरखडा.
मी दावा मंजूर केला. सतरा दिवसांत.
तेव्हा तो विक्रम होता आमच्या शाखेचा.

मुस्तन्सिरभाईंनी काही विचारलं नाही.
आतून घोड्या आणवल्या, एकेकीची खीळ ओढून पाहिली,
आणि दुसऱ्या जोडीतली एक बदलून दिली.
"जॅक उचलतो," ते म्हणाले, "धरत नाही."
आणि पुढं, व्यापारी माणूस तो,
"पिशवीचे दहा रुपये वेगळे."

स्कूटरवर पायांत जॅक, हुकाला घोड्या,
स्वारगेटच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं
खाली पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे,
आणि मान डोलावली. कशाबद्दल, कोण जाणे.

पार्किंगची फरशी नळाकडे उतरती आहे
हे वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.
मागच्या चाकांना विटा लावल्या.
वॉचमन बिराजदार खुर्चीतून उठून आले,
सोलापुरात असताना ट्रकवर होते ते,
"तिथं नाही ताई, पत्रा चेपंल. खाच शोधा, खाच."
खाच सापडली, हातानंच, चिखलाखाली.

दहा-बारा हापके आणि माझी गाडी
एका बाजूनं वर आली,
अंथरुणात कूस बदलल्यासारखी.
घोड्या सरकवल्या. जॅक इंचभर सैल केला.
मग कमरेनं धक्का दिला. पुन्हा दिला.
बिराजदारांनी दिला.
हलली नाही.

तरी मी बरीच मिनिटं
सतरंजी नीट करत बसले.

खाली तेलाचा वास, काळा पत्रा,
कुठल्याशा जुन्या सहलीची लाल माती, वाळून खवले झालेली.
नट डावीकडे फिरतो, पण आडवं पडल्यावर
डावं कुठलं याचा विचार करावा लागतो.

आणि कडेला, चाक जिथं असतं तिथं,
बिराजदारांचे बूट.
गेटवर कोणी हॉर्न वाजवत होतं, मग जोरात वाजवत होतं.
मी थांबा म्हटलं नव्हतं.
बूट हलले नाहीत.