दम

खलफान पहिल्याच दिवशी म्हणाला,
खाली गेल्यावर काहीही विसर, एवढं विसरू नको:
श्वास रोखून धरायचा नाही. कधीच.
मी हसले. त्याला कुठून कळणार,
आमच्याकडे सगळे एकच सांगतात, दम धर.
व्हिसा येईल, दम धर.
धाकट्याचं इंजिनिअरिंग होऊ दे, दम धर.
सीबच्या इस्पितळात अकरा वर्षं
नाइट ड्यूटीत धरलेला दम
बरगड्यांत तसाच होता, बिनवापराचा.

दैमानियातला बोट तासाभरात पोचते.
बेटांवर वस्ती नाही, झाड नाही,
पक्ष्यांनी पांढरे करून टाकलेले कातळ तेवढे.
मास्कमध्ये थुंकले, विसळला,
आणि पाठमोरी पडले पाण्यात.

बारा मीटर.
काटा एकशे चाळीसवर.
प्रवाळाखाली एक कासव झोपलेलं,
पाठीवर शेवाळ, डाव्या वल्ह्याला जुनी जखम.
सवयीनं बघितली. भरलीय. ड्रेसिंग नको.
माझे बुडबुडे वर चालले होते
आणि पहिल्यांदाच मला दिसत होतं
मी किती श्वास सोडते ते.

खलफाननं अंगठा वर केला.
म्हणजे छान नव्हे. म्हणजे वर चल.
वाटेत पाच मीटरवर तीन मिनिटं लोंबकळायचं,
ना तळ, ना होडी.
हे मला न शिकवता येत होतं.

होडीत फोनवर धाकट्याचे चार मिस्ड कॉल.
नाकातून खारं पाणी गळत होतं.
मी एक खजूर खाल्ला, मग आणखी एक,
आणि फोन टॉवेलखाली सरकवला.
धरेल जरा दम.