मलार्ग्वे: २०६१ सालचा तक्ता

पस्तीस मीटरची थाळी आज उत्तरेकडे कलली आहे.
कुंपणापलीकडे एवारिस्तोच्या शेळ्या
तिच्या सावलीत बसतात,
सावली सरकली की कुरकुरत उठतात.

मी तक्ता भरतेय. साल दोन हजार एकसष्ट.
कुठल्या यानाला किती तास,
कुणाचं आधी ऐकायचं, कुणी थांबायचं.
त्यातली निम्मी यानं अजून कागदावरही नाहीत,
तरी रांग लागलीय,
रांगेत भांडणंसुद्धा.

कुठे आहोत हे यानाला स्वतःला कळत नाही.
इथून हाक मारायची, ते ओ देतं,
मधला वेळ मोजून सांगायचं: तू इथे आहेस.
चार तास जायला, चार यायला.
पुढच्यास ठेच लागते सकाळी,
मागचा शहाणा होतो रात्रपाळीत.

शेवटचा रकाना: जबाबदार व्यक्ती.
तेव्हा मी सत्त्याण्णव वर्षांची असेन,
किंवा नसेन.
रिकामा सोडला की चौकट लाल होते.

काल एवारिस्तोला विचारलं,
डोंगरवाटेवरचे ते दगडांचे ढीग कुणी रचले?
येर्बाचा कडू चहा माझ्यापुढे सरकवत म्हणाला,
काय ठाऊक.
बर्फात ढासळतात. वर जाताना मी एकेक ठेवतो.

आत येऊन लिहिलं:
त्या दिवशी पाळीवर जे कोणी असेल ते.
चौकट लालच.

मग माझंच नाव घातलं, नेलिदा किरोगा,
आणि घरचा नंबर.
भाचीला सांगून ठेवायला हवं,
तो बंद करू नकोस.