एक कार्ड कमी

रात्री साडेअकराला लॉन्ड्रीत
शेवटचे तीन ड्रायर फिरत असतात,
आणि मी, डेल्फिना ओरोस्को, वय एक्केचाळीस,
सुट्ट्या नाण्यांच्या खिडकीमागे
जगाचा इतिहास घोकत बसते.

एकशे वीस कार्डं. पुढे प्रश्न, पाठीवर उत्तर.
वेस्टफालियाचा तह : सोळाशे अठ्ठेचाळीस.
तीस वर्षं लढले,
आणि बोलणी करायला दोन वेगळ्या गावांत बसले,
एका छताखाली कुणाला कुणाचं तोंड बघवेना म्हणून.
हे कार्डावर नाही, परीक्षेत येणारही नाही.
माझ्या डोक्यात मात्र तेवढंच टिकतं,
सन निसटतो.

मागच्या वेळी दोनशे छत्तीस.
पास व्हायला दोनशे चाळीस.
हातातोंडाशी आलेला घास चार गुणांनी गेला.
चार गुण म्हणजे किती, ते बदली शिक्षिकेला विचारा.
पहाटे पाचला फोन येतो
की आज कुणाच्या खुर्चीत बसायचं,
आणि कुणाच्या फळ्यावरचं पुसायचं नाही.

गुरुवारी नववीतल्या टायरेलनं विचारलं,
"मिस, ही सगळी माणसं मेलीत ना?
मग पाठ कशाला करायची?"
मी म्हणाले, पान एकशे चार काढ.
अजून तोच प्रश्न चघळते आहे.
त्याचं कार्ड केलेलं नाही.

अमारिलोचा वारा दाराची फट शोधतो,
गुरांच्या कोंडवाड्यांचा वास आत ढकलतो.
मागोमाग दुसऱ्या पाळीची माणसं,
कत्तलखान्यातले पांढरे डगले
काळ्या पिशवीत गुंडाळून.
थांग लियान त्यांतला एक. चिन डोंगरातला.
नाणी टाकतो, बाकावर टेकतो,
मनगट दुसऱ्या हातानं दाबत म्हणतो, दे, मी विचारतो.

अक्षर लावत लावत वाचतो :
औद्योगिक क्रांती प्रथम कुठे?
ब्रिटनमध्ये, मी म्हणते. कोळसा, कापूस, कालवे.
तो कार्ड उलटतो, बरोबर आहे म्हणतो,
पुन्हा उलटतो. जरा वेळ बघत राहतो.
"सुरू कुठे झाली ते आहे.
थांबली कधी?"

पुढचं विचार, मी म्हणते.

मग मंगळवारी मोजली तर एकशे एकोणीस.
तीनदा मोजली. काउंटरखाली वाकून पाहिलं,
साबणाच्या खोक्यामागे, माझ्या एप्रनच्या खिशात.
कुठलं हरवलं?
प्लेग आहे. हैती आहे. मेइजी आहे.
रेशमाचा रस्ता आहे, कोपऱ्यावर कॉफीच्या डागासकट.
जे गेलं ते काय होतं हे आठवायला
ते आधी आठवायला हवं,
आणि तेवढं येत असतं
तर दोनशे छत्तीस कशाला पडले असते?

पावणेबाराला थांग लियाननं डगला बाहेर काढला.
पांढऱ्याशुभ्र खिशाला कागदाचा लगदा,
आणि निळ्या शाईचा एक ओघळ, नदीसारखा
खिशापासून दुसऱ्या बटणापर्यंत.
नखानं हळूहळू लगदा सोडवला आम्ही.
एका तुकड्यावर सतरा उरलं होतं.
सतराशे काहीतरी, की सतरावं शतक,
की सतरा देशांनी सह्या केल्या?

"मुकादमानं विचारलं तर?"
सांग, कुठलातरी तह विरघळला.
तो हसला. खूप दिवसांनी
कुणीतरी माझ्या इतिहासाला हसलं.
डाग निघाला नाही. पुन्हा धुवू, मी म्हटलं, फुकट.
नको म्हणाला. सकाळी सहाला पाळी.

शनिवारी आठ वाजता परीक्षा,
टायरच्या दुकानाशेजारी, दुसरा मजला.
शंभर प्रश्न.
माझ्याकडे एक ओळखपत्र, एक रबरबँड
आणि एकशे एकोणीस कार्डं.

डगला तिसऱ्या ड्रायरमध्ये अजून फिरतो आहे,
निळी नदी वर, निळी नदी खाली.
काट्यावर चार मिनिटं उरलीत.
तेवढ्यात एकदा
बांटू लोकांचं स्थलांतर म्हणून घेते.