दोन विड्यांचा वेळ

निशिकांतनं शिझुओकाहून धाडलेले तीन डबे
आणि चौथं पाकीट निलगिरीचं,
निपाणीच्याच गुरुवारच्या बाजारातलं.
डब्यांवरची अक्षरं मला येत नाहीत.
तशी दुकानांच्या पाट्यांवरची कन्नडही येत नाहीत,
म्हणून काय मी कधी हरवले का या गावात?

झाकण काढलं, नाक खाली नेलं.
छत्तीस वर्षं विडीच्या कारखान्यात काढलेलं नाक हे,
तंबाखू ओली की कोरडी
पोत्याचं तोंड सोडायच्या आत सांगायचं.
सेंचा: निवडलेली मेथी, आणि तिच्या मागं
मालवणला एकदाच बघितलेला समुद्र.
ग्योकुरो: वास नाही, नुसती ओल.
होजिचा: भाजलेलं काहीतरी.
काय, ते ओठावर येऊन थांबलं.

निशी फोनवर म्हणाला, आजी, उकळतं नको. सत्तर अंश.
सत्तर? म्हणजे माझ्याच वयाचं पाणी.
घरात तापाचा थर्मामीटर आहे,
तो बेचाळीसलाच मान टाकतो.
मग पातेल्यातलं तांब्यात, तांब्यातलं वाटीत,
या वाटीतलं त्या वाटीत,
दर भांड्याला दहा अंश देऊन टाकायचे.
पहिल्या दिवशी बोअरचं पाणी घेतलं,
चहानं तोंड वाकडं केलं.
आता नळाचं, चार दिवसांनी येतं ते,
एक घागर बाजूला ठेवलीय.
सून बोलत नाही काही. घागरीकडं बघते.

घड्याळाचं मला जमत नाही.
मांडीवर सूप नाही, हातात पान नाही,
तरी बोटं हवेत पान धरतात,
चिमूट पसरतात, वळतात,
तोंड दुमडून दोरा गुंडाळतात.
सेंचाला दोन विड्या.
होजिचाला एकच, पाणी कडकडीत.
ग्योकुरोला कोमट पाणी आणि चार, सावकाश,
मुकादम पाठीशी नसताना वळायचो तशा.
निलगिरीला पाकिटावर तीन मिनिटं लिहिलेली,
म्हणजे सहा. सहा वळल्या.
कडू जहर.

कस्तुरव्वाला बोलावलं.
कारखान्यात माझ्या डाव्या हाताला बसायची.
सेंचाचा घोट घेऊन म्हणाली, सप्पगैती.
साखर कुठाय?
साखर नाही घालत.
दूध?
तेही नाही.
मग ह्याला चहा कशाला म्हणतीस, काढा म्हण की!
ग्योकुरोची वाटी तिनं
बघून तशीच खाली ठेवली.
होजिचा घेतला आणि गप्प झाली.
परत वाटी पुढं केली.
मग म्हणाली, भट्टीची खोली गं.
विड्यांचे ट्रे शेकायला लावायचे, तिथली.

ओठावर थांबलेलं ते हेच होतं.
त्या खोलीत कोण असायचं, दोघींना ठाऊक होतं.
तिचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू यायचा,
विड्या मोजताना आकडा चुकवायचा.
नाव कुणीच घेतलं नाही.
कस्तुरव्वानं खालच्या पानांवर
पुन्हा गरम पाणी ओतायला लावलं.

ती गेल्यावर निलगिरीचं पाकीट
कचऱ्यात टाकायला उठले.
चेकर असाच टाकायचा,
शंभरातल्या वीस विड्या, बघितल्या न बघितल्यासारख्या,
त्यांचे पैसे नाहीत.
दारातच थांबले. परत आत आले.
पाणी तांब्यातून वाटीत, वाटीतून वाटीत.
दोनच विड्या.
उतरला की बरा. जरा कोवळा, मोगलाई एरंडागत
मागं थोडा उग्र, पण पिण्याजोगा.
पाकीट फळीवर ठेवलं, डब्यांच्या रांगेत.

रात्री निशीनं विचारलं,
कुठला आवडला आजी?
म्हटलं, तो भाजलेला.
अजून पाठवू का?
पाठव.
पण जास्त नको.